नाचाविना फिडल

टेक्ससचा फिडलवादक एक रॉबर्टसन (नावच ‘एक’ आहे, हसू नका!) १९२२ साली यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या माजी सैनिकांच्या रिचमंडमधल्या मेळाव्याहून, जोडीदार हेन्री गिलिलंडबरोबर, थेट न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीत धडकला. हा किस्सा सगळे चवीने सांगतात, रेकॉर्ड मात्र नीट ऐकत नाहीत. ‘सॅली गुडन’ ऐका. स्क्वेअर डान्समध्ये फिडलवाला पुकारणाऱ्याशी आणि नाचणाऱ्यांच्या पायांशी बांधलेला. इथे पुकारणारा नाही, नाचणारे नाहीत, साथसुद्धा नाही. मग हा बुवा तीनेक मिनिटांत तीच धून नाना अंगांनी फिरवतो. आणि हिलाच आपण जुन्या नाचाच्या संगीताचा अस्सल नमुना म्हणतो? मला नाही पटत. अहो, एवढं बारीक काम नाचात पायांच्या आवाजाखाली बुडालंच असतं!