‘नकारात्मक’ निष्कर्षाचा अर्थ

आफ्रिकी वराहज्वर 2020 मध्ये आसामात प्रकट झाला. पूर्वपरिचित वराहज्वराहून तो केवळ लक्षणांवरून वेगळा ओळखता येत नाही; म्हणून गोठ्यातच काही मिनिटांत होणाऱ्या पट्टी-चाचणीचे महत्त्व निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो तिच्या निष्कर्षाच्या भाषेवर. ‘नकारात्मक’ ह्या शब्दातून वराहपालकास ‘रोग नाही’ असा बोध होतो. वस्तुतः पट्टी सांगते ते ‘आढळला नाही’ एवढेच. विषाणूचे प्रतिजन शोधणारी पट्टी पीसीआर चाचणीइतकी सूक्ष्मग्राही नसते. रक्तात विषाणू अल्प असल्यास ती मूक राहते. प्रतिपिंडे शोधावीत, तर ती निर्माण होण्यापूर्वीच जनावर पुष्कळदा दगावते.

भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी ‘योग्यानुपलब्धी’ची अट घातली आहे: जे असते तर दिसलेच असते, त्याचेच न दिसणे प्रमाण होय. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. ‘नकारात्मक’ हा शब्द ही अटच झाकून टाकतो. त्याच्या भरवशावर बाधित डुक्कर बाजारात गेले, तर परिसरातील कळप नष्ट करण्याची वेळ येते. तेव्हा ‘आढळला नाही, प्रयोगशाळेत खात्री करावी’ असे लिहिणे हा शब्दच्छल नव्हे.