पुलावरचा विनोद

आता एमो फिलिप्स या अमेरिकी विनोदवीराचा प्रसिद्ध किस्सा घेऊ. पुलावरून उडी टाकायला निघालेल्या माणसाला एक जण अडवतो. ख्रिस्ती का? हो. प्रॉटेस्टंट? हो. बॅप्टिस्ट? तेही हो! प्रश्न बारीक होत जातात, जवळीक वाढत जाते. शेवटी फरक उरतो एका परिषदेच्या सालाचा: अडवणारा १८७९चा, उडी टाकणारा १९१२चा. झालं! तो पाखंडी ठरतो आणि अडवणाराच त्याला ढकलून देतो.

रचना चोख आहे. त्या परिषदांत काय ठरलं हे सांगितलेलंच नाही, म्हणून तर हसू येतं. पण आमची तक्रारही तीच आहे. मतभेद पोकळ ठेवला की भांडणारे वेडे आणि आपण शहाणे, असं म्हणायची सोय होते.

खरा मतभेद पोकळ नव्हता. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिचमध्ये फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर जाणत्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देणं. मारणारेही प्रॉटेस्टंटच! त्यांच्या मते यानं समाजाची एकी मोडत होती. मान्झच्या मते बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी स्वतःची श्रद्धा हवी.

आज बॅप्टिस्ट पाण्यात पूर्ण बुडवतात, मेथडिस्ट बहुधा शिंपडतात, आणि पाणी किती पुरे यावरून एकमेकांची थट्टा करतात. ही थट्टा आम्हाला पुलावरच्या किश्श्याहून सरस वाटते. ती करायला समोरच्याचं म्हणणं ठाऊक असावं लागतं.