रस्त्यावरचा कृष्णा, घरातला नारायण

मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' हा चित्रपट १९८८ साली आला. कानच्या महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठी दिला जाणारा 'कॅमेरा दॉर' पुरस्कार त्याला लाभला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत त्याची मजल गेली. मी मात्र तो फार उशिरा पाहिला. महाबळेश्वरचा पावसाळा, दाराबाहेर दाट धुके, आणि सभागृहात धर्मग्रामातील दहा-बारा तरुण. चित्रपट संपल्यावर त्यांतला एक जण म्हणाला, "फादर, शेवट अर्धवट राहिल्यासारखा वाटतो." तो अभिप्राय मनातून जाईना.

कथा थोडक्यात अशी. मोठ्या भावाची मोटारसायकल जाळली म्हणून आईने कृष्णाला सर्कशीत सोडले आहे. पाचशे रुपये मिळवल्याशिवाय त्याला घर नाही. सर्कस त्याला टाकून निघून जाते आणि मुलगा मुंबईच्या वेश्यावस्तीत चहा पोचवू लागतो. तेथे त्याचे नावही गळून पडते. तो केवळ 'चायपाव' उरतो. पैसे एकेक करून साठतात आणि गर्दच्या व्यसनात बुडालेला त्याचाच मित्र ते चोरतो. ही चोरी दाखवताना दिग्दर्शिकेने कोणालाही खलनायक केलेले नाही, हे मला या चित्रपटाचे मोठे बळ वाटते. दारिद्र्याचे चित्रण करणाऱ्या आपल्या कित्येक कथा-कादंबऱ्यांत सज्जन गरीब आणि दुर्जन धनिक अशी सोयीची वाटणी असते. येथे भुकेलेच भुकेल्याला लुटतात, आणि तरीही आपला राग त्यांच्यावर निघत नाही.

सुधारगृहाचा प्रसंग मात्र मला अधिक काळ अस्वस्थ करून गेला. पोलीस कृष्णाला आणि चिमुकल्या मंजूला उचलून नेतात. मंजूची आई लेकीला न्यायला येते, तेव्हा तिच्या व्यवसायाकडे बोट दाखवून मूल तिला नाकारले जाते. नियमाप्रमाणे सारे यथायोग्य घडते, आणि एक मूल आईला कायमचे मुकते. आपण संस्था चालवणारी माणसे. हे दृश्य आपल्यासाठीच आहे असे मला वाटले. काही वर्षांपूर्वी हंगामात काम शोधत आलेला एक मुलगा चर्चच्या ओसरीवर निजलेला आढळला. मी त्याला जेवू घातले आणि दुसऱ्याच दिवशी एका वसतिगृहात पोचते केले. महिनाभरात तो तेथून पळाला. 'कृतघ्न' हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता. त्याला तेथे राहायचे आहे का, हे मी विचारले नव्हते.

या चित्रपटावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: परदेशी प्रेक्षकांपुढे आपले दैन्य मांडले. मला तो फारसा पटत नाही. त्याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. ज्या मुलाचे जिणे कलेने वापरले, त्याचे पुढे काय? ब्राझीलच्या 'पिशोती' (१९८१) या चित्रपटात भूमिका करणारा वस्तीतला मुलगा फर्नांदो रामुस दा सिल्वा १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. आपल्या कृष्णाला, म्हणजे शफीक सय्यद याला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. कष्टाची भाकरी कमी प्रतीची नव्हे. पण टाळ्या आणि पोट यांतले अंतर त्यातून उघडे पडतेच. 'सलाम बॉम्बे'च्या चमूने १९८८ मध्येच 'सलाम बालक ट्रस्ट' उभारला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याआधी मुंबईत येशूसंघीयांनी १९६२ साली सुरू केलेल्या 'स्नेहसदन'ने मुलांना एका भल्यामोठ्या इमारतीत न कोंबता लहान लहान घरांत, पालकांच्या सहवासात वाढवण्याची वाट धरली होती. २०१५ चा किशोर न्याय कायदाही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी नारायण सुर्वे आठवल्याविना राहत नाहीत. त्यांचा जन्म १९२६ चा. तान्हेपणीच मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. त्याने आणि काशीबाईंनी मुलाला नाव दिले, आडनाव दिले, शाळेत घातले. घर गरिबाचेच, पुढे हे दांपत्य कोकणात परतले आणि मुलगा पुन्हा शहरात एकटा पडला. परंतु आता तो निनावी नव्हता. शाळेत शिपाई, मग शिक्षक, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. १९६६ च्या संग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. ते विद्यापीठ म्हणजे हाच रस्ता. नायर यांचा कॅमेरा मुलाच्या कितीही जवळ गेला, तरी तो बाहेरून आलेला आहे. सुर्व्यांची कविता रस्त्याकडे आतून पाहते, म्हणूनच तिच्यात कीव आढळत नाही. हक्काचा स्वर आढळतो. हा फरक मी प्रतिभेचा मानत नाही. कृष्णाला गंगाराम भेटला नाही, एवढाच तो आहे.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, शेवट अर्धवट नाही. गणपतीच्या मिरवणुकीत रेखाचा हात सुटतो, गर्दी दोघांना दोन दिशांना ओढून नेते, आणि हातातल्या भोवऱ्यासह कृष्णा एकटा उरतो. तेथून पुढचे दृश्य दिग्दर्शिकेच्या हाती नव्हतेच.

अरुण खोपकरांनी २००२ साली सुर्व्यांवर अनुबोधपट केला. त्याचे शीर्षक त्यांनी कवीच्या नुसत्या नावावर भागवले नाही. ते पूर्ण लिहिले आहे: 'नारायण गंगाराम सुर्वे'.