चौसष्ट कला आणि दाराबाहेरची मुलगी

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विद्यापीठांतील अभ्यासक्रम बहुविद्याशाखीय आणि व्यवसायाभिमुख करण्याचा पुरस्कार केला आहे. या पुरस्काराला परंपरेचा आधार हवा म्हणून धोरणकर्ते बाणभट्टाच्या ‘कादंबरी’कडे गेले. चांगले शिक्षण म्हणजे चौसष्ट कलांचे ज्ञान. त्या कलांत गायन आणि चित्रकलेबरोबर रसायन, गणित, सुतारकाम, वस्त्रे बनवणे, वैद्यक हेही येत असे, असा दाखला तेथे दिला आहे. दाखला वाङ्मयाचा आहे. तेव्हा तो तपासून पाहण्याचा अधिकार वाङ्मयाच्या वाचकालाही पोहोचतो.

‘कादंबरी’त या साऱ्या विद्या शिकतो तो राजपुत्र चंद्रापीड. त्याच्यासाठी नगराबाहेर तटबंदीचे विद्यामंदिर उभारले जाते आणि तेथे तो लाकूडकामही शिकतो. राजपुत्राने रंधा हाती घेतला की ती कला ठरते. सुताराच्या पोराने घेतला की तो त्याचा जातिधर्म! पहिल्याला त्यावर पोट भरायचे नसते आणि दुसऱ्याला दुसरे काही करण्याची मुभा नसते. धोरणाच्या लेखकांनी कलांची यादी उचलली, तटबंदी मात्र पाहिली नाही.

याच ग्रंथाच्या आरंभी शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या येते. हातातली वेळूची काठी जमिनीवर आपटून ती दुरूनच राजाचे लक्ष वेधून घेते. तिने आणलेला पोपट सर्व शास्त्रे आणि कला जाणणारा आहे. तिच्या रूपाचे वर्णन करताना बाणभट्टाची लेखणी थकत नाही. आणि असे रूप विधात्याने स्पर्श वर्ज्य असलेल्या कुळात का घातले, म्हणून राजा हळहळतो. त्याची हळहळ रूप वाया गेल्याची आहे, अस्पृश्यतेची नाही. मग पोपटाची रवानगी अंतःपुरात होते. मुलीला विश्रांती घ्यायला सांगितले जाते. विद्या राजवाड्यात गेली, ती आणणारी बाहेर राहिली. पुढे ही कन्या म्हणजे साक्षात लक्ष्मीच होती असा उलगडा होतो. म्हणजे चांडाळाच्या पोटी जन्मलेली खरी मुलगी कवीलाही पेलली नाही.

आता नव्या आराखड्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात दर वर्षाअखेर एक दार ठेवले आहे. ४० श्रेयांक मिळवून उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केला की सर्टिफिकेट. ८० श्रेयांक आणि तसाच उन्हाळी अभ्यासक्रम झाला की डिप्लोमा. १२० ला पदवी. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि सात वर्षांत शिक्षण पुरे करायचे. चौथ्या वर्षी संशोधनाकडे जायचे तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. हाताचा व्यवसाय पहिल्याच दारात आणि संशोधन शेवटच्या, ही मांडणी आम्हांला ओळखीची वाटते. शिक्षण सुटले असे पूर्वी म्हणत; आता त्याला प्रमाणपत्र मिळेल. लाज गेली हे चांगलेच. पण सुटण्याचे कारण गेले काय? शिष्यवृत्ती वेळेवर न येणे, वसतिगृहात जागा न मिळणे, घरी कर्त्या माणसाने अंथरूण धरणे, यांतले काहीही श्रेयांकाने हटत नाही.

व्यवसायशिक्षणाला आमचा विरोध नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनीच प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. बहुविद्याशाखीय अभ्यास म्हणजे काय, हेही आम्हांला कोणी शिकवायला नको. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. एका विद्येतून दुसरीत ते गेले ते जातीचा प्रश्न एकीत मावत नव्हता म्हणून. आपल्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयात विषयांची टोपली भरते ती तासिका तत्त्वावर जो कोणी मिळाला त्याच्या विषयाने.

बाहेर पडून परत येणे म्हणजे काय, हेही त्याच चरित्रात आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. ती परवानगी कागदच राहिली असती. सिडनॅहम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून काही शिल्लक पडली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज मिळाले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली ती १९२३ मध्ये. त्यांच्या हाती तेव्हा कोलंबियाची एम.ए. होती, म्हणून ती प्राध्यापकी मिळाली. ४० श्रेयांकांच्या सर्टिफिकेटवर कोणता पगार मिळणार आणि त्यातून घर चालवून तीन वर्षांत परतीची फी कशी साठणार?

म्हणून प्रत्येक विद्यापीठाकडे एवढीच मागणी करावी: पहिल्या दारातून किती विद्यार्थी बाहेर पडले, दुसऱ्यातून किती आणि तीन वर्षांत परत किती आले, याचा आकडा दरवर्षी जाहीर करा. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांचा आकडा वेगळा द्या. मुलींचा त्यातही वेगळा.