चुकीचे पान कोणाची चूक सांगते?

संकेतस्थळ कसे दिसते यावर पुष्कळ बोलले जाते. ते बिघडल्यावर काय बोलते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या मते संकेतस्थळाचा प्रामाणिकपणा तपासायचा तर त्याचे त्रुटीचे पानच आधी वाचावे.

पत्र पोचले नाही तर पोस्टमन पाकिटावर शेरा लिहून ते परत पाठवतो: पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार. त्या शेऱ्यावरून आपल्याला पुढे काय करायचे ते कळते. वेबवरही असेच शेरे असतात, पण ते तीन अंकी आकड्यांत. वेबच्या एचटीटीपी या नियमावलीची १.० आवृत्ती मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात हे आकडे दिलेले आहेत. त्यांतला पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा, ४ म्हणजे मागणीत अडचण आणि ५ म्हणजे देणाऱ्याच्या घरात बिघाड. ४०४ म्हणजे मागितलेले पान नाही. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद आहे.

हे शेरे सर्व्हर एरवी एका रुक्ष इंग्रजी ओळीत दाखवतो. त्याऐवजी आपले स्वतःचे पान दाखवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. अपाचे या सर्व्हरमध्ये त्यासाठी 'एररडॉक्युमेंट' ही एक ओळ लिहावी लागते. जँगोमध्ये ४०४ आणि ५०० या नावांची पाने तयार करून ठेवली की पुरते. इतकी सोपी ही सोय. पण ती कशी वापरली जाते, ते पाहू.

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि तो दाखवणारी संकेतस्थळे भार न पेलल्याने कित्येक तास कोलमडली. गणित सोपे आहे. १५ लाख मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत फक्त एकेकदा दार ठोठावले, तरी सेकंदाला अडीच हजार मागण्या होतात. अशा दिवशी अहिल्यानगर जिल्ह्यातील राजूर येथे एक मुलगी निकाल पाहते आहे, असे समजू. डोंगरातल्या वाडीवर मोबाइलला रेंज नाही म्हणून ती खाली आली आहे. बैठक क्रमांक टाकल्यावर तिला पडद्यावर काय दिसावे?

'माहिती उपलब्ध नाही' एवढेच दिसले, तर ती ते कसे वाचेल? क्रमांक चुकला? निकाल राखून ठेवला? आपण नापास? बिघाड सर्व्हरचा असतो आणि धास्ती मुलीला बसते. पाचाच्या घरातली चूक चाराच्या घरात ढकलणे, हा अशा पानांचा पहिला दोष.

दुसरा दोष शिक्षकांनाही सहसा दिसत नाही. पडद्यावर 'क्षमस्व' लिहिलेले असते, पण आत आकडा जातो २००, म्हणजे 'काम झाले'. माणसाला एक आणि यंत्राला दुसरेच सांगितले जाते. मग शोधयंत्रे ते क्षमेचे पानच खरा मजकूर समजून नोंदवतात आणि आकड्यांवरून देखरेख करणाऱ्याला सारे आलबेल दिसते. कोणतीही चूक झाली की गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडणे हाही याच दोषाचा प्रकार.

तिसरा दोष भाषेचा. 'अंतर्गत सर्व्हर त्रुटी, कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' राजूरच्या मुलीने कोणता प्रशासक शोधायचा? लिपी देवनागरी झाली म्हणून मजकूर मराठी होत नाही.

याउलट काही ठिकाणी बिघाडाचा सगळा तांत्रिक तपशील पडद्यावर सांडलेला असतो: फायलींचे मार्ग, तक्त्यांची नावे, आज्ञांच्या ओळी. वाचकाला त्याचा उपयोग नाही. घुसखोराला मात्र घराचा नकाशाच मिळतो. तो तपशील सर्व्हरच्या नोंदवहीत जावा, पानावर फक्त वेळ आणि एक नोंदक्रमांक असावा.

आमच्या मते राजूरच्या त्या मुलीला हे दिसायला हवे: 'तुमचा क्रमांक चुकलेला नाही. एकाच वेळी खूप जण निकाल पाहत असल्याने आमची यंत्रणा थांबली आहे. तुमचा निकाल सुरक्षित आहे. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा.' आत आकडा ५०३, आणि त्याच्यासोबत 'किती वेळाने यावे' हे सांगणारी सूचना. नियमावलीत तिचीही सोय आहे. हे केवळ सौजन्य नव्हे. किती थांबायचे ते न कळलेला माणूस बटण दाबतच राहतो, आणि कोसळलेल्या सर्व्हरवर आणखी भार येतो. हे पान साधे, चित्रांविना आणि माहितीसाठ्यावर न विसंबणारे हवे. जो साठा बंद पडला त्यालाच 'तू बंद का?' असे विचारणारे पान स्वतःही उघडणार नाही.

विनोदी चित्रांनी सजवलेली त्रुटीची पाने हल्ली कौतुकाने दाखवली जातात. हरवलेल्या पानावर तो विनोद खपतो. निकालाच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या पानावर तो थट्टा ठरतो.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. नववीच्या वर्गाला ४०३, ४०४, ५०० आणि ५०३ यांचे अर्थ सांगावेत आणि प्रत्येकासाठी तीन वाक्यांचे मराठी पान लिहायला द्यावे: काय झाले, चूक कोणाकडे, आता काय करायचे. मग पाने अदलाबदल करून एकमेकांना वाचायला द्यावीत. वाचणाऱ्याला आपलेच काही चुकले असे विनाकारण वाटले, तर ते पान पुन्हा लिहायचे.