‘नाइस’चे कूळ

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त (१८१७) साधीभोळी कॅथरीन एका कादंबरीला ‘नाइस’ म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो. मुळात हा शब्द नेटकेपणासाठी, नाजूक अभिरुचीसाठी होता. आता जो तो कशालाही लावतो, अशी त्याची तक्रार. पण त्याचा अर्थ तरी मूळचा कुठे? लॅटिन ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण. सन १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला ‘नाइस’ चक्क ‘मूर्ख’ होता! हेन्रीची बहीण एलिनॉर मात्र हाच शब्द ‘चोखंदळ’ या अर्थाने त्याच्यावर उलटवते; शहाणपण कमी पडते, हेही सुचवते. शब्दाचे कूळ जरूर शोधावे. त्याच्या जोरावर बोलणाऱ्याला हिणवू नये. आम्हां मास्तरांनी तर एलिनॉरचा हा टोला जपूनच ठेवावा.