अंगठ्याकडून अंगठ्याकडे

साक्षरतेच्या उपक्रमांचे मूल्यमापन आपण आजवर संख्येने करीत आलो आहोत. किती वर्ग भरले, किती जण बसले, किती उत्तीर्ण झाले, एवढे कळले की आपले समाधान होते. कादंबरीची टीका करताना मात्र पृष्ठे मोजून कोणी थांबत नाही. तिच्यातली माणसे जिवंत आहेत की कागदी, हे आपण पाहतो. खेडोपाडी भरणाऱ्या मोफत संगणकवर्गांकडे याच दृष्टीने पाहावयास काय हरकत आहे? वर्ग हीदेखील एक रचनाच आहे. तिला आरंभ आहे, शेवट आहे, स्वतःची भाषा आहे, आणि तिच्यामागे माणसाविषयीची एक कल्पना आहे. ती कल्पना खरी की खोटी, हे तपासणे टीकेचे काम होय.

खानदेशात हा प्रश्न विचारण्यास एक विशेष कारण आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी सुचलेली तिची गाणी घरच्या मंडळींनी टिपून ठेवली. १९५१ साली ती वारली. मग तिचे चिरंजीव, कवी सोपानदेव, यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. एका निरक्षर बाईचे नाव मिरविणारे विद्यापीठ ज्या मुलखात आहे, त्या मुलखाने तरी 'अडाणी' हा शब्द जपून वापरावयास हवा. बहिणाबाईंजवळ ज्ञान होते, अक्षर दुसऱ्याजवळ होते, आणि दोघांत मायेचे नाते होते म्हणून मराठीला ते धन मिळाले. नाते नसते तर काय झाले असते, याचे उत्तर अंगठ्याच्या इतिहासात सापडते.

ज्याला अक्षर येत नाही त्याने अंगठा उठवावा, ही रीत सावकाराच्या दस्तऐवजाने खेड्यात रुजविली. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे सावकाराला ठाऊक असे, कुणब्याला नसे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी आधी रोखे आणि खतपत्रे जाळली, ती काही उगीच नव्हे. पुढे १९५९ साली साताऱ्याकडे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि महाराष्ट्रभर पसरली. अंगठा पुसून सही करावयाची, हा अशा सगळ्या चळवळींचा मंत्र होता. म्हाताऱ्या माणसांनी थरथरत्या हाताने पाटीवर आपले नाव काढले, ते पोट भरण्यासाठी नव्हे, मानासाठी.

आता काळाची गंमत पाहा. २०१० सालच्या सप्टेंबरात आपल्याच खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावी, देशातला पहिला आधार क्रमांक एका स्त्रीला देण्यात आला. तेव्हापासून अंगठा परत आला आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा, बँकेच्या प्रतिनिधीकडे पैसे काढताना अंगठा. आता बी. ए. झालेलाही अंगठा ठेवतो आणि निरक्षरही ठेवतो. वरवर पाहता मोठीच समता झाली. परंतु सही करणारा निदान वरचा मजकूर वाचू शकतो. यंत्रावर अंगठा ठेवणाऱ्याला आपण कशाला संमती दिली, हे कळावे कसे? पडदा बहुधा चालकाकडे वळलेला असतो. सावकाराचा कागद निदान दिसत तरी होता!

मोफत संगणकवर्गाची कसोटी येथे आहे. या पडद्याची दिशा तो वळवितो काय?

या वर्गांतील सर्वांत मोठा म्हणजे केंद्र सरकारचे 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान'. २०१७ साली ते मंजूर झाले. सहा कोटी ग्रामीण माणसांना संगणक व मोबाइल वापरता यावा, हा संकल्प होता. मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२४ रोजी ते संपले, तेव्हा सुमारे पावणेपाच कोटी लोकांना प्रमाणपत्रे मिळालेली होती. हे काम लहान नव्हे आणि त्याची टवाळी करणे कृतघ्नपणाचे होईल. विद्यार्थ्याला एक पैसा पडत नसे. प्रमाणित झालेल्या प्रत्येकामागे शिकविणाऱ्या संस्थेला सरकार तीनशे रुपये देई. ज्या बाईने संगणकाला कधी हात लावला नव्हता, तिच्या हातात त्या निमित्ताने तो आला असेल, तर तेवढ्याने तिची भीती मोडली, आणि भीती मोडणे हा शिक्षणाचा पहिलाच धडा असतो.

पण रचना म्हणून या अभियानात तीन दोष दिसतात.

पहिला दोष घराविषयीच्या कल्पनेचा. नियम असा, की ज्या कुटुंबात कोणालाच हे ज्ञान नाही, त्यातील एकाला शिकवावयाचे, आणि तो चौदा ते साठ या वयाचा असावा. कागदावर हे चोख दिसते. एक दिवा लागला की घर उजळले, असा हिशेब. परंतु ज्याने खेड्यातल्या एकाही घराची कथा लिहिली आहे तो जाणतो, की घरात ज्ञान दिव्यासारखे पसरत नाही; ते किल्लीसारखे कोणाच्या तरी कनवटीला राहते. शिकला तो बहुधा हाताशी असलेला मुलगा. आजीची पेन्शन, आईचे बचतगटाचे खाते, बापाचे पीककर्ज, सगळ्यांचे आकडे त्याच्या मोबाइलमध्ये. तो गुणी असला तर सोपानदेव; नसला तर घरातच नवा सावकार. साठी उलटलेल्या माणसाला तर दारच बंद, आणि सरकारी यंत्रापुढे अंगठा घेऊन सर्वांत अधिक वेळा उभे राहावे लागते ते त्यालाच.

दुसरा दोष काळाविषयीच्या कल्पनेचा. अभ्यासक्रम वीस तासांचा. वीस तासांत अक्षरओळखही होत नाही, हे कोणताही शाळामास्तर सांगेल. पण तोही मुख्य आक्षेप नव्हे. अक्षर एकदा शिकले की जन्मभर पुरते. 'क' हा काल होता तसाच आज आहे. यंत्राचे तसे नाही. त्याच २०१७ साली महाराष्ट्रात कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज संगणकावरच भरावयाचे ठरले. अंगठा देण्यासाठी शेतकरी केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. २०२१ साली ई-पीक पाहणी आली. तलाठी करीत असे ती पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, छायाचित्रासह, मोबाइलवरून करावयाची झाली. आपल्याकडचा कापूसवाला काय, केळीवाला काय, या नोंदीवाचून त्याचे पीक कागदावर उगवतच नाही. अभ्यासक्रम आखला गेला तेव्हा ही सोय जन्मलीही नव्हती. २०२४ साली लाडक्या बहिणींचे अर्ज आले. दरवर्षी नवे काही येते, आणि प्रमाणपत्र भिंतीवर जुने होत जाते.

तिसरा दोष भाषेचा. 'ओटीपी कोणालाही सांगू नका,' ही आज्ञा आता आरतीइतकी पाठ झालेली आहे. तरी लोक सांगतात आणि फसतात. कारण आज्ञा कळली, अर्थ कळला नाही. 'पासवर्ड'ला मराठीत 'परवलीचा शब्द' असा देखणा प्रतिशब्द आहे. गडाचा दरवाजा, रात्रीचा पहारा, परवल न सांगणाऱ्याला आत न घेणारा पहारेकरी, हे सारे ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. ओटीपी म्हणजे एका रात्रीपुरती, एकदाच चालणारी परवल. ती शत्रूला सांगितली तर गड गेला, असे एकदा सांगून पाहावे. निराळी आज्ञा देण्याची गरज उरणार नाही. उलट 'संचिका', 'आज्ञावली' असे शब्द अर्थ न फोडता फळ्यावर लिहिले, तर ते इंग्रजीहूनही परके होतात. शब्द देशी की विदेशी, हा वाद गौण आहे. ऐकणाऱ्याच्या अनुभवात त्याला बसायला पाट आहे की नाही, हे महत्त्वाचे.

वारणेची गोष्ट या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. १९९८ साली कोल्हापूरकडच्या वारणानगर परिसरातील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणककेंद्रे निघाली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळे तेथे मिळावे अशी उमेद होती. प्रत्यक्षात लोक तेथे येत ते आपल्या उसाचे वजन आणि कारखान्याचा हिशेब विचारण्यास. काही वर्षांनी संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या संदेशाने तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्तात झाले. याला कोणी अपयश म्हणेल. मला त्यात शेतकऱ्याची शहाणी निवड दिसते. यंत्र काय काय देऊ शकते याची यादी त्याच्यापुढे ठेवली होती. त्याने आपल्या घामाचे वजन तेवढे मागितले. जो वर्ग शिकणाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू होत नाही, तो अखेर त्या प्रश्नापाशीच येऊन थांबतो.

मग यावर उपाय कोणता? माझ्या मते तो 'वर्ग' या शब्दात नसून 'मंडळ' या शब्दात आहे.

वर्गात एक देतो, बाकीचे घेतात. शेवटी घंटा होते. मंडळात आज विचारणारा उद्या सांगणारा होतो, आणि घंटा होतच नाही. घरगुती संगणकाच्या इतिहासातले एक मोठे पान अशाच मंडळाचे आहे. १९७५ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाच्या मोटारखान्यात काही हौशी मंडळी जमली. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' हे त्यांचे नाव. कोणी गुरू नाही, परीक्षा नाही. आपापले यंत्र आणावे, अडले ते विचारावे, सापडले ते दाखवावे. स्टीव्ह वॉझनियाकने ॲपलचा पहिला संगणक अशाच मित्रांपुढे मांडला. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे निघाली. कोणाच्या मालकीची नसलेली, कोणीही उघडून पाहावी व सुधारावी अशी ही प्रणाली. तिच्यातले शब्द मराठीत आणण्यासाठी अनेकांनी बिनमोल खपून काम केले. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मे रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. तोही अशाच बिनपगारी हातांनी वाढला.

या मंडळांवरही टीका करावयास हवी. ती बहुतांशी मोठ्या शहरांत राहिली. त्यांच्या बैठकीत तरुण अभियंते अधिक, बायका कमी, आणि गोष्ट मराठीची असली तरी बोलणे इंग्रजीकडे झुकणारे. अहिराणी बोलणारी, 'आहे' म्हणण्याऐवजी 'शे' म्हणणारी बाई तेथे जाऊन बसली, तर तिचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेणार नाही काय, अशी शंका मनात येते. ज्ञान उघडे ठेवणे वेगळे आणि दार उघडे ठेवणे वेगळे.

पण मंडळ ही कल्पना खानदेशाला परकी मुळीच नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांनी पायपीट करून जमविलेले दप्तर सांभाळण्यासाठी त्याच गावात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून मिळविलेली समर्थ संप्रदायाची बाडे धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आहेत. अलीकडे धुळे जिल्ह्यातील अकराशेहून अधिक जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल' करण्यात आल्या, त्यांतही गावकऱ्यांच्या वर्गणीचा मोठा वाटा होता. वर्गणी काढून वस्तू आणणे आपल्याला साधते. ती आल्यावर महिन्यातून एकदा तिच्याभोवती जमणे, हे अजून साधावयाचे आहे. संध्याकाळी शाळेला कुलूप लागते आणि तो पडदा अंधारात राहतो. त्याच वेळी गावातली दहा माणसे दहा मोबाइल हातात घेऊन कोणाला तरी विचारत हिंडत असतात.

अशा मंडळाने करावे तरी काय, याचेही एक उदाहरण आपल्यापुढे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा संगणकात व्यवस्थित लावला गेला आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने तो सर्वांना ऐकण्या-वाचण्यासाठी खुला करण्यास आरंभ केला. ज्या बायकांनी कधी यंत्र पाहिले नाही, त्यांचा शब्द यंत्राने जपला. सोपानदेवांचे काम संगणकाला करता येते, त्याचा हा पुरावा होय. येथे बाई केवळ 'लाभार्थी' नाही, ती देणारी आहे. संगणकवर्गाच्या पुस्तकात मात्र तिला नेहमी घेणारीच समजलेले असते. माणसाविषयीची कल्पना खोटी, असे मी म्हणतो ते यासाठी.

तेव्हा पुढे कोणीही मोफत वर्ग काढील, मग ते सरकार असो, महाविद्यालय असो की चार पोरांचा गट, त्याला टीकाकाराने तीन प्रश्न विचारावेत. यंत्रावर हात कोणाचा होता, मास्तरांचा की शिकणाऱ्याचा? प्रश्न कोणाचा होता, पुस्तकाचा की शेतकऱ्याचा? आणि वर्ग संपल्यावर पुन्हा भेटण्याची तिथी ठरली होती काय? या तिन्हींची उत्तरे बरी आली, तर प्रमाणपत्रांचे आकडे विचारण्याचे कारण नाही.

दिवाळीला पुण्याहून, नाशिकहून, सुरतेहून मुले घरी येतात. फराळाचे ताट पुढे असते, हातात मोबाइल असतो. त्यांतल्या कोणी एखादी संध्याकाळ आजीजवळ बसून तिचा मोबाइल तिच्याच हातात द्यावा, आपण तो ओढून घेऊ नये. तिचे बोट चुकेल, चुकू द्यावे. बँकेचा संदेश तिने स्वतः उघडून वाचावा किंवा वाचून घ्यावा. आपल्या अंगठ्याने किती रुपये निघाले ते तिला कळावे. त्यानंतर तिला एखादी ओवी म्हणावयास सांगून ती त्याच यंत्रात भरून ठेवावी. शेजारच्या काकूंनाही बोलावले, तर मंडळाची पहिली बैठक झालीच म्हणावयाची. दुसरीची तिथी तेवढी तुळशीच्या लग्नापूर्वी ठरवून टाकावी.